रिकामी गाडी

पहाटेचं विमान होतं. बंगळुरूहून पुणे. दीडएक तास आम्ही पावणेदोनशे माणसं कोपराला कोपर लावून बसलो होतो. डावीकडच्या काकांचं डोकं झोपेत दोनदा माझ्या खांद्यावर आलं. उजवीकडच्या मुलीच्या बाटलीतलं पाणी माझ्या पँटवर सांडलं, ती सॉरी म्हणाली, मी असू दे म्हणालो. पाय लांब करायला जागा नाही, खिडकी उघडत नाही, कधी सुटणार आणि कधी पोचणार हे आपल्या हातात नाही. थोडक्यात, ती बसच होती. नावातसुद्धा बस होती: एअरबस. पण त्या बसमध्ये बसल्याचा कुणालाही कमीपणा वाटत नव्हता. उलट दोघातिघांनी ढगांचे फोटो काढून स्टेटसला टाकले.

लोहगावला उतरलो आणि दहा मिनिटांत चित्र बदललं. हीच पावणेदोनशे माणसं आता एकमेकांची कुणीच नव्हती. प्रत्येकाच्या हातात फोन, फोनवर नकाशा, नकाशावर एक छोटीशी गाडी वळण चुकून गोल फिरतेय. बॅगांची चाकं खडखडत एरोमॉलच्या दिशेनं निघाली. एक माणूस, एक गाडी. तिकडे पीएमपीची बस उभी होती, आत दिवे लागलेले, दार उघडं. तिच्याकडे कुणी वळूनही पाहिलं नाही. गेली पाच-सहा वर्षं मीही पाहिलं नव्हतं.

या वेळी मी तिच्यात चढलो. त्यामागे दिवाळीत घरी झालेलं एक बोलणं आहे. ते आधी सांगतो, नाहीतर पुढचं सगळं 'पर्यावरण वाचवा' छापाचं वाटेल. मला सांगायचंय ते वेगळंच आहे.

*

आमचं गाव आंबेगाव तालुक्यात, मंचर-घोडेगाव रस्त्यावरच्या एका फाट्यापासून चार किलोमीटर आत. लहानपणी आमच्या गावाला मुक्कामी गाडी होती. ज्यांना हे माहीत नाही त्यांच्यासाठी: संध्याकाळची शेवटची एसटी गावात येते, रात्रभर तिथंच थांबते आणि सकाळी पहिली फेरी म्हणून परत जाते. ड्रायव्हर-कंडक्टर मारुतीच्या देवळाशेजारच्या खोलीत झोपायचे. कुणाच्या तरी घरून त्यांना भाकरी-कालवण जायचं. सकाळी इंजिन सुरू झाल्याचा आवाज हाच आमचा गजर होता. तो आवाज आला की आई म्हणायची, "उठ, गाडी तापाया लागली."

याच गाडीनं मी मंचरला कॉलेजला गेलो. पुढे इंजिनिअरिंगला पुण्यात आणि नोकरीला बंगळुरूला. २०१९ साली हातात पहिला बोनस आला तेव्हा मी तात्यांना मोटरसायकल घेऊन दिली. वडिलांना फाट्यावर ताटकळत उभं राहायला लागू नये, एवढाच हेतू. त्या दिवशी तात्यांनी गाडीला हार घातला, नारळ फोडला आणि गावातून एक चक्कर मारली. माझ्या आयुष्यातल्या मोजक्या निखळ चांगल्या दिवसांपैकी तो एक.

माझ्यासारखी बरीच पोरं होती. कुणी चाकणच्या कंपनीत, कुणी भोसरीत, कुणी मुंबईला. प्रत्येकानं आपापल्या बापाला, भावाला गाडी घेऊन दिली. मग लॉकडाऊनमध्ये सगळ्याच एसट्या थांबल्या. २०२१च्या दिवाळीच्या सुमारास संप सुरू झाला, तो पुढच्या एप्रिलपर्यंत चालला. त्यानंतर सगळीकडे गाड्या हळूहळू रुळावर आल्या. आमची मुक्कामी गाडी आली नाही. आणि ती आली नाही हे गावाच्या फारसं लक्षातही आलं नाही. कुणी अर्ज केला नाही, ग्रामसभेत विषय निघाला नाही. ज्यांनी तो काढला असता त्यांच्या दारात मोटरसायकल उभी होती.

लक्षात आलं ते माझ्या चुलत बहिणीच्या. दहावीला चांगले मार्क पडले म्हणून तिनं मंचरला सायन्स घेतलं. प्रॅक्टिकल संपायला पाच वाजतात, फाट्यावर उतरेपर्यंत साडेसहा. थंडीच्या दिवसांत तेव्हा अंधार पडलेला असतो आणि तिथून घरापर्यंतचे चार किलोमीटर दोन्ही बाजूंना ऊस. जुन्नर-आंबेगावच्या माणसाला उसातून अंधारात चालणं म्हणजे काय हे सांगायला लागत नाही. आमच्याकडे बिबट्या ही बातमी नसते, शेजारी असतो. माणिकडोहला बिबट्यांसाठी निवारा केंद्र उभारावं लागलं, यावरून काय ते समजा. नाना, म्हणजे तिचे वडील, तिला आणायला जाऊ शकत होते, पण साडेसहा ही धारांची आणि डेअरीवर दूध घालायची वेळ. आठवड्यातून दोन दिवस ते जायचे, दोन दिवस तात्या जायचे, उरलेल्या दिवशी ती प्रॅक्टिकल सोडून लवकर निघायची. बारावीपर्यंतच्या मुलींना एसटीचा पास फुकट असतो. तो पास तिच्या दप्तरात होता.

दिवाळीत गेलो तेव्हा कळलं, तिनं सायन्स सोडलं. आता घोडेगावला आर्ट्‌सला जाते, दुपारी घरी येते. "मला नाहीतरी इतिहास आवडतो," असं ती हसत म्हणाली. तिला इतिहास खरंच आवडतही असेल. पण फिजिक्सच्या पुस्तकाला तिनं स्वतः घातलेलं खाकी कव्हर अजून फळीवर दिसत होतं.

मी चिडून म्हणालो, "गाडी बंद झाली म्हणून पोरीचं सायन्स सुटलं, हे काय आहे?"

नाना शांतपणे म्हणाले, "बंद झाली नको म्हणू. आपण बंद पाडली. तात्याला तू फटफटी दिली, मला थोरल्यानं दिली. गाडीत बसायला राहिलं कोण? दोन म्हाताऱ्या न् तीन पोरी."

*

गेले कित्येक महिने हे वाक्य माझ्या डोक्यातून जात नाही, कारण यात गुन्हेगार सापडत नाही. आमच्या तालुक्याला गोष्टी नाहीशा होण्याची सवय आहे. ज्या आंबेगावावरून तालुक्याचं नाव पडलं ते गाव स्वतःच डिंभे धरणाच्या पाण्याखाली आहे. पण धरण बांधायचं असं कुणीतरी ठरवलं होतं. तिथं जाब विचारता येतो. मुक्कामी गाडीचं तसं नाही. मी वडिलांवर प्रेम केलं. थोरल्या चुलतभावानं त्याच्या वडिलांवर केलं. प्रत्येकानं आपल्या माणसाचं भलं केलं आणि त्या सगळ्या भल्याची बेरीज एका मुलीच्या खात्यात उणे आली.

कामावर मी जे करतो ते यापासून फार लांब नाही. आमच्या सिस्टिमवर येणारा लोड कमी-जास्त होतो तसे सर्व्हर आपोआप वाढतात आणि कमी होतात. त्याचे नियम मी लिहिलेत. एखाद्या सर्व्हरवरची वर्दळ अमुक आकड्याच्या खाली गेली आणि अमुक मिनिटं तशीच राहिली, की तो बंद. हा नियम चुकीचा नाही, त्यानं कंपनीचे पैसे वाचतात. पण नियमाला फक्त आकडा दिसतो. आकडा पाच आहे, एवढंच त्याला कळतं. त्या पाचांना दुसरी वाट आहे का, हे त्याला कुणी सांगितलेलं नसतं. सर्व्हरच्या बाबतीत दुसरी वाट असते, दुसरा सर्व्हर ते काम उचलतो. गावाच्या बाबतीत दुसरी वाट म्हणजे उसातले चार किलोमीटर.

हर्बर्ट मोहरिंग नावाच्या अमेरिकी अर्थतज्ज्ञानं १९७२ साली शहरी बससेवेवर एक निबंध लिहिला. त्यातली कल्पना आज मोहरिंग परिणाम म्हणून ओळखली जाते. सोप्या हिशोबात सांगतो. समजा एका मार्गावर तासाला एक बस आहे. तुम्ही वेळापत्रक न पाहता स्टॉपवर गेलात तर सरासरी अर्धा तास थांबाल. आता प्रवासी दुप्पट झाले आणि म्हणून बस दर अर्ध्या तासाला सुटू लागली. आता सरासरी थांबणं पंधरा मिनिटांवर आलं. नव्यानं आलेल्यांचंच नाही, आधीपासून येणाऱ्यांचंसुद्धा. म्हणजे नव्या प्रवाशांनी जुन्यांना प्रत्येकी पंधरा मिनिटं दिली. त्यांची ओळखदेख नसताना, आणि आपण काही देतोय हे माहीतही नसताना.

चाकणच्या चौकात अडकलेल्या कुणालाही याची उलटी बाजू सांगायची गरज नाही. तिथं नवीन येणारी प्रत्येक कार आधीच्या सगळ्यांची थोडी थोडी मिनिटं खाते. रस्त्यावर नवा माणूस अडचण असतो, बसस्टॉपवर तोच नवा माणूस मदत असतो. माणूस एकच, फक्त तो कशात बसलाय यावर तो इतरांना काय देतो ते ठरतं.

आणि हे चाक उलटंही फिरतं. प्रवासी कमी झाले की फेऱ्या कमी, फेऱ्या कमी झाल्या की थांबणं जास्त, थांबणं वाढलं की ज्याला परवडतं तो आणखी एक जण बाहेर. शेवटी ज्यांना परवडत नाही तेवढेच उरतात, आणि मग आकडा पाच होतो.

नीतीची आपली नेहमीची भाषा इथं तोकडी पडते. आपण विचारतो, कुणी कुणाला लुबाडलं? कुणी खोटं बोललं? कुणाचा हेतू वाईट होता? या तिन्ही प्रश्नांची उत्तरं 'कुणी नाही' अशी येतात आणि आपण फाईल बंद करतो. पण नुकसान तर झालेलं असतं. मला वाटतं, आपण केलेल्या गोष्टींचाच हिशोब मांडायची सवय आपल्याला लागलीय. आपण जिथून उठून गेलो त्या जागांचा हिशोब राहून जातो.

*

तर, लोहगावची बस. मी बॅग घेऊन चढलो तेव्हा आत बारा-पंधरा माणसं होती. विमानातून आलेला बहुधा मी एकटाच. बाकीची रात्रपाळी संपवून घरी निघालेली विमानतळावरची माणसं. निळ्या युनिफॉर्ममधल्या हाऊसकीपिंगच्या बायका, दोन सिक्युरिटी गार्ड, कॉफीच्या दुकानातला एक पोरगा टोपी खिशात कोंबून झोपलेला. ज्यांनी रात्रभर आम्हा पावणेदोनशे माणसांच्या येण्या-जाण्याची व्यवस्था ठेवली ते सगळे या बसमध्ये होते.

शेजारच्या मावशींनी पाय आखडून माझ्या बॅगेला जागा केली.

"कुठं जायचं दादा?"

"घोडेगावकडं. आंबेगाव."

"अगं बाई, आमचं माहेर ओतूरचं. मग वाकडेवाडी गाठायची तुम्हाला. जुन्नरची गाडी मिळेल." मग माझ्या बॅगेकडे आणि बुटांकडे बघून त्या हळूच म्हणाल्या, "तुमची ती गाडी आली न्हाई का? मोबाईलवरची?"

मी म्हणालो, "बोलावलीच नाही." त्यांना ते पटलं नसावं. पाच मिनिटांनी त्यांनी पर्समधून एक गोळी काढून दिली. बहुतेक माझं पाकीट हरवलंय असा त्यांचा समज झाला होता.

नागपूर चाळ, येरवडा, नदीवरचा पूल. दर स्टॉपला कुणी ना कुणी उतरत होतं. मला एक साधी गोष्ट पहिल्यांदाच दिसली. ही बस विमानप्रवाशांसाठी सोडलेली असेलही, पण ती चालू ठेवली होती या मावशींनी. त्या रोज तिच्यात बसतात म्हणून ती रोज सुटते. रोज सुटते म्हणून वर्षातून एकदा, मनात आलं तेव्हा, मला ती तयार मिळाली. बोनसवाला मी, आणि मला फुकट काही मिळालं असेल तर ते त्यांच्याकडून.

*

इथं माझा मित्र, जो माझ्याच टीममध्ये आहे आणि वाद घालण्यात माझ्यापेक्षा हुशार आहे, तो म्हणेल: तू एकटा चढलास म्हणून काय झालं? बस तशीही सुटणार होती. तू नसतास तरी सुटली असती. तुझ्या एका तिकिटानं मुक्कामी गाडी परत येणार आहे का?

नाही येणार. आणि हे उत्तर प्रामाणिक असल्यामुळेच प्रश्न अवघड आहे. पण हाच युक्तिवाद माझ्या गावातल्या चाळीस घरांनी केला असता तर तो चाळीस वेळा बरोबर ठरला असता, आणि तरी गाडी बंद पडली असती. जो युक्तिवाद प्रत्येकाच्या तोंडी खरा आणि सगळ्यांच्या तोंडी मिळून खोटा ठरतो, त्याच्यात कुठंतरी पाणी मुरतंय.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. बस चांगली चालवणं हे सरकारचं काम. ते व्यवस्थेचं ओझं एकेका माणसाच्या विवेकावर का टाकायचं? हे मला बरंचसं मान्य आहे. मोठ्या गोष्टी धोरणानंच बदलतात. १७ मार्च २०२३ पासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट झालं. त्याआधी ऑगस्ट २०२२ मध्ये पंचाहत्तरीच्या पुढच्यांना प्रवास मोफत झाला. माझी आई आता मंचरच्या बाजाराला एकटी जाते, कुणाला विचारत नाही. असं काही मी दहा जन्म बसनं फिरून घडवू शकत नाही.

पण धोरण मागायचं कुणी? अल्बर्ट हिर्शमन या अर्थतज्ज्ञानं १९७० साली लिहिलेल्या एका छोट्या पुस्तकाची सुरुवात नायजेरियातल्या रेल्वेच्या कोड्यातून झाली. तिथं रेल्वेला ट्रकची स्पर्धा होती, तरी रेल्वे सुधारत नव्हती, उलट बिघडत होती. त्यानं लावलेला अर्थ असा: ज्यांना दर्जाची चाड होती आणि ज्यांच्या तक्रारीला वजन होतं, तेच गिऱ्हाईक आधी ट्रककडे गेले. मागे उरले त्यांचा आवाज पोचत नव्हता. म्हणजे बाहेर पडायची सोय असणं हेच आतल्यांच्या मुळावर आलं. आता आमच्या गावाकडे बघा. मेल लिहिता येणारी, आमदाराच्या पीएला फोन लावता येणारी, सोशल मीडियावर फोटो टाकून दोन दिवसांत उत्तर मिळवणारी माणसं कोण? मी आणि माझ्यासारखे. आणि आम्ही त्या गाडीत नव्हतो. म्हणून तर ती गेली हे आम्हाला कळलंच नाही. त्यामुळे विवेक आणि व्यवस्था या दोन वेगळ्या गोष्टी आहेत असं मला आता वाटत नाही. ज्या गाडीत आपण बसत नाही त्या गाडीसाठी आपण भांडतही नाही.

तिसरा आक्षेप माझ्या स्वतःचाच. मग काय, तात्यांना मोटरसायकल द्यायला नको होती? त्यांचे गुडघे दुखतात. दुधाचे कॅन घेऊन ते एसटीची वाट बघत बसणार होते? आणि रात्री दोनला उतरलेली एकटी मुलगी, तान्हं बाळ घेऊन आलेली आई, आजारी माणूस, यांनीही बसच पकडायची?

याचं उत्तर मला एका फार जुन्या ठिकाणी सापडलं. श्रावणी सोमवारी आजी खुलभर दुधाची कहाणी सांगायची. तुम्हीही ऐकली असेल. राजाच्या मनात आलं, महादेवाचा गाभारा दुधानं भरायचा. त्यानं फर्मान काढलं, प्रत्येकानं घरातलं सगळं दूध आणून ओतायचं. लोकांनी धाकानं ओतलं. पोरांना, वासरांना थेंब ठेवला नाही. तरी गाभारा भरेना. दुपारी एक म्हातारी आली. तिनं आधी घरच्यांना खाऊपिऊ घातलं होतं, वासराला पाजलं होतं, आणि मग उरलेलं खुलभर दूध घेऊन ती निघाली होती. तिनं ते ओतलं आणि गाभारा भरला.

ही कहाणी आपण भक्तीची म्हणून ऐकतो. मला ती आता सार्वजनिक गोष्टींची कहाणी वाटते. दूध घरी ठेवणारा गाव आणि पोरांना उपाशी ठेवून दूध आणायला लावणारा राजा, दोघंही तिला मान्य नाहीत. आधी वासरू. तात्यांचे गुडघे, बाळाची झोप, रात्रीची भीती, हे वासरू आहे. त्यांच्या तोंडचं काढून कुठलाही गाभारा भरत नाही. पण वासरू पिऊन झाल्यावर जे उरतं ते खरंच किती आहे, हे म्हातारीनं स्वतःला विचारलं आणि तेवढं घेऊन ती घराबाहेर पडली. मी अठ्ठावीस वर्षांचा, धडधाकट, एक बॅग, सकाळची वेळ, घाई काही नाही. माझ्याकडे खुलभर दूध नक्की होतं. गेली सहा वर्षं मी ते वासराच्या नावावर स्वतःच पीत होतो.

*

वाकडेवाडीला जुन्नरची गाडी लागलेलीच होती. खिडकी मिळाली. नाशिक फाटा, भोसरी, मोशी, चाकण, राजगुरुनगर. एके काळी याच खेड-चाकण पट्ट्यात पुण्याचं नवं विमानतळ येणार अशी चर्चा वर्षानुवर्षं चालली होती, पुढे ते पुरंदरला न्यायचं ठरलं. आलं असतं तर मी घरापासून तासाभरावर उतरलो असतो. आणि बहुधा तिथूनही कॅबच केली असती.

गाडीच्या पाटीवर 'जुन्नर' वाचून शाळेची सहल आठवली. शिवनेरी बघून आम्ही नाणेघाटाला गेलो होतो. दोन हजार वर्षांपूर्वी कल्याण-सोपाऱ्याच्या बंदरांवर उतरलेला माल आणि माणसं हाच घाट चढून जुन्नरला यायची. म्हणजे जुन्नरच्या दृष्टीनं बंदर हे विमानतळ आणि नाणेघाट हा शहरात यायचा रस्ता. घाटाच्या माथ्यावर दगडी रांजण आहे, तो जकातीचा असं सांगतात. गुहेत सातवाहनांची राणी नागनिका हिचा लेख आहे. पण सहलीत आम्हा पोरांना आवडल्या त्या पाण्याच्या टाक्या. उन्हातून आलो होतो आणि त्यांत गार पाणी होतं.

कातळात खोदलेल्या अशा टाक्यांना जुन्या लेखांत 'पोढी' म्हणतात. जुन्नरच्या लेण्यांमध्ये एका छोट्या लेखात नोंद आहे की, इरिल नावाच्या यवनानं दोन पोढ्या दान दिल्या. यवन म्हणजे ग्रीक किंवा तिकडचा परदेशी. तो इथं स्थायिक झाला होता की येऊन-जाऊन होता, काय विकत होता, लेख सांगत नाही. एवढंच कळतं की बाहेरून आलेल्या एका माणसानं या डोंगरात पाण्याची सोय केली. स्वतःच्या तहानेपुरतं पाणी त्याला पखालीतही नेता आलं असतं. कातळ खोदून टाकं करतो तो आपल्या मागून येणाऱ्यांचा विचार करतो.

आपण टाकं खोदू शकत नाही. आपल्या काळात वाटेवरचं पाणी म्हणजे ही धावणारी गाडी आहे. आणि ते रोज, थोडं थोडं, बसणाऱ्यांनीच भरायचं असतं. त्यावर कुणाचं नाव कोरलं जात नाही. तिकीट फाडतात, आपण उतरताना ते खाली टाकतो, झालं. कदाचित त्यामुळेच आपल्याला ते दान वाटत नाही. मला तर त्याला दान म्हणायलाही संकोच वाटतो. मावशींचं, त्या दोन म्हाताऱ्यांचं, तीन पोरींचं जे देणं लागतो त्यातला हा एक हप्ता, इतकंच म्हणू.

*

मंचरला उतरून घोडेगावची गाडी पकडली. दुपारची वेळ, गाडीत मोजून अकरा माणसं. त्यात शाळेच्या चार मुली, पुढच्या सीटवर दाटीवाटीनं बसलेल्या, मागच्या सगळ्या सीट मोकळ्या असूनही.

फाट्यावर तात्या मोटरसायकल लावून उभे होते. मीच घेऊन दिलेली. टाकीवरचा रंग उडालाय, आरशाला आईनं लाल दोरा बांधलाय. मी गपचूप मागे बसलो. इतका विचार करून आलेला माणूस शेवटचे चार किलोमीटर त्याच गाडीवर बसून गेला, हे मी लपवणार नाही. दुसरी गाडी नव्हती.

दोन्ही बाजूंनी ऊस. वाऱ्यात तात्यांचा आवाज मागे येत होता.

"कॅब का नाही केली रं? पैशाची अडचण हाय का?"

"नाही. सहज आलो एसटीनं."

थोडा वेळ ते काही बोलले नाहीत. मग त्यांच्या पिढीतला प्रत्येक माणूस एसटीतून उतरलेल्याला विचारतो तेच त्यांनी विचारलं.

"बसाया जागा मिळाली का?"

"मिळाली की. अर्धीअधिक रिकामीच होती."

तात्यांनी गिअर बदलला. "रिकामी? मग तीबी बंद होईल बघ."